गच्चीवरची वीज : बसवण्याआधी एक प्रश्न

मागच्या महिन्यात इथं विश्रामबागला आमच्या शेजारच्या काकू मोठ्या आनंदानं सांगत होत्या, "गच्चीवर सोलर बसवतोय गं. आता लाइट गेली तरी ह्यांच्या ऑक्सिजनच्या मशीनची काळजी मिटली!" त्यांचा आनंद मोडणं जिवावर आलं, पण गप्प बसणंही बरं नव्हतं.

उन्हापासून वीज होते कशी, ते आधी पाहू. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ साली सुरू झाला. तिथं ना कोळसा, ना वाफ, ना फिरतं चक्र. पॅनेलमधल्या सिलिकॉनसारख्या पदार्थावर ऊन पडलं, की वीज एका दिशेनं वाहू लागते, टॉर्चच्या सेलमधून येते तशी. इन्व्हर्टर तिला घरात वापरतो तशी करतो, ट्रान्सफॉर्मर तिचा दाब वाढवतो आणि मग ती तारांवरून दूर जाते.

आपल्या गच्चीवर हेच, पण छोट्या प्रमाणात. १ किलोवॉटचा संच चांगल्या उन्हाच्या दिवशी साधारण ४ युनिट देतो. उरलेली वीज बाहेरच्या तारेत जाते आणि मीटर पासबुकासारखा जमाखर्च मांडतो.

मेख आहे ती इथंच. बॅटरी नसलेला असा संच तारेतली वीज गेली, की आपणहून बंद पडतो. बाहेर रणरणतं ऊन असलं तरी! कारण खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्या घरच्या विजेचा धक्का बसता कामा नये. कुणाचा तरी जीव वाचवणारी सोय आहे ती. पण काकूंच्या मशीनला तिचा काय उपयोग? आणि रात्री तर ऊनही नाही.

म्हणून पैसे देण्याआधी विचारा, "लाइट गेल्यावर काय काय चालेल, आणि किती तास?" उत्तर लेखी घ्या. २०२४ च्या सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान ठरलं. बॅटरीचा खर्च मात्र वेगळा धरा. नारळाच्या झावळीची सावली पॅनेलवर येत नाही ना, तेही पाहा. आणि पॅनेल धुवायचे ते सकाळी लवकर. तापलेल्या काचेवर गार पाणी नको.

काकूंनी आधी मशीनपुरता बॅटरीचा इन्व्हर्टर घेतला. डॉक्टरांना विचारून भरलेला सिलिंडरही ठेवलाय. सोलरचं दिवाळीनंतर बघू म्हणतात. परवा रात्री लाइट गेली, तेव्हा त्यांच्या खिडकीतून मशीनचा आवाज येत होता. ऐकून बरं वाटलं.