पंखा ओरडतो ड्रायव्हरमुळे, भुर्दंड मात्र गिऱ्हाइकाला

आमच्या कार्यालयात अक्षरजुळणीसाठी घेतलेला एक जुना लॅपटॉप मध्यंतरी असा घरघरू लागला की, शेजारच्या टेबलावर फोनवर बोलणे कठीण झाले. मांडीवर घ्यावा तर चटका बसे. एका दुकानात दाखविला. यंत्र न उघडताच निकाल मिळाला, "मदरबोर्ड गेला. दुरुस्तीत पैसे घालण्यापेक्षा नवाच घ्या." दुसऱ्या ठिकाणच्या एका तरुण कारागिराने अर्ध्या तासात तो थंड केला आणि त्यासाठी एक स्क्रूही काढला नाही. विंडोज नव्याने बसविताना ग्राफिक्सचा ड्रायव्हर बसवायचा राहून गेला होता, एवढेच कारण निघाले.

हा एकट्या आमचा अनुभव नसावा, म्हणून हा विषय व्यापारी बंधूंपुढे मांडत आहोत.

ड्रायव्हर म्हणजे यंत्राचा भाग आणि विंडोज किंवा लिनक्स यांच्यामधला दुभाषी. तो नसेल तर ग्राफिक्सची चिप असूनही नसल्यासारखी होते. विंडोज अशा वेळी 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर' नावाच्या कामचलाऊ ड्रायव्हरवर भागविते. चित्र दिसते, म्हणून गिऱ्हाइकाला संशय येत नाही. पण पडद्यावरचे चित्र रेखाटण्याचे आणि व्हिडिओ उलगडण्याचे सारे ओझे मुख्य प्रोसेसरवर पडते. प्रोसेसर तापतो, पंखा जोराने फिरतो आणि उष्णता मर्यादेपर्यंत गेली की प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करतो. मग 'मशीन स्लो झाली' ही दुसरी तक्रार सुरू होते.

दुसरा प्रकार दोन चिपा असलेल्या लॅपटॉपांचा. प्रोसेसरच्या पोटातली लहान चिप रोजच्या कामाला आणि एन्व्हिडियासारख्या कंपनीची मोठी चिप जड कामाला, अशी ही वाटणी असते. एन्व्हिडियाने 'ऑप्टिमस' या नावाने ती 2010 मध्ये आणली. हेतू चांगला होता. काम नसेल तेव्हा मोठ्या चिपेने झोपावे आणि बॅटरी वाचावी. परंतु तिला झोपविणे ड्रायव्हरच्या हाती आहे. त्याने ते केले नाही, तर नुसते पत्र टाइप करतानाही ती वीज खात आणि तापत राहते.

हा प्रश्न आजच महत्त्वाचा का? 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चा नियमित आधार संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे चांगल्या स्थितीतले असंख्य लॅपटॉप जुन्या बाजारात येत आहेत आणि अनेक दुकानदार त्यांवर लिनक्स घालून विकत आहेत. हा धंदा उपयोगी आहे. विद्यार्थ्याला, लहान कारखानदाराला कमी पैशांत यंत्र मिळते. मात्र एन्व्हिडियाचा अधिकृत ड्रायव्हर 2018 पूर्वीच्या पिढ्यांतील चिपांची वीज लिनक्सवर आपोआप पूर्ण तोडत नाही. गिऱ्हाईक यंत्र घरी नेते, पंखा थांबत नाही आणि चौथ्या दिवशी ते भांडायला दुकानात हजर होते.

उपाय अवघड नाही. उबुंटूवर 'प्राइम-सिलेक्ट इंटेल' ही आज्ञा देऊन यंत्र पुन्हा सुरू केले की मोठी चिप बंद राहते. मात्र काही लॅपटॉपांत बाहेरचा पडदा जोडण्याचे एचडीएमआय पोर्ट त्या मोठ्या चिपेलाच जोडलेले असते. त्यामुळे ही आज्ञा दिल्यावर तेही बंद पडू शकते. विकतानाच गिऱ्हाइकाला हे सांगून ठेवावे.

मोठ्या कंपन्या चुकत नाहीत, असाही समज नको. मार्च 2010 मध्ये एन्व्हिडियाला 196.75 क्रमांकाचा ड्रायव्हर मागे घ्यावा लागला. त्याने पंख्याचे नियंत्रण बिघडून कार्डे तापत असल्याच्या तक्रारी आल्या होत्या. एप्रिल 2025 मध्ये 576.02 या ड्रायव्हरवर संगणक झोपेतून उठल्यानंतर चिपेचे तापमान मोजणाऱ्या प्रोग्रामांना आकडा मिळेनासा झाला. कंपनीला तातडीची दुरुस्ती काढावी लागली. तेव्हा 'नवा ड्रायव्हर म्हणजे चांगला ड्रायव्हर' हे सूत्र डोळे मिटून मानू नये.

आमच्या मते तपासणीचा क्रम असा असावा. यंत्र सुरू करून दहा मिनिटे काहीही न करता ठेवावे. मग टास्क मॅनेजर उघडून प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप किती राबत आहेत ते पाहावे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये चिपेचे खरे नाव दिसते की 'बेसिक', हे पाहावे. ड्रायव्हर शक्यतो लॅपटॉप बनविणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून घ्यावा. नव्या ड्रायव्हरनंतरच त्रास सुरू झाला असेल, तर 'रोल बॅक ड्रायव्हर'ने मागे जावे. विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये ब्राउझरसारख्या साध्या प्रोग्रामांना वीज वाचविणारी चिप नेमून द्यावी. एवढे करूनही आग थांबली नाही, तरच यंत्र उघडावे. धुळीने कोंडलेली जाळी, वाळलेली थर्मल पेस्ट, गादीवर ठेवल्याने बुजलेली हवेची वाट ही कारणेही खरी आहेत. प्रत्येक ताप ड्रायव्हरचाच असतो, असे आमचे म्हणणे नाही. फुकटची तपासणी आधी आणि खर्चाची नंतर, एवढाच आमचा आग्रह आहे.

आता थोडे गिऱ्हाइकांनाही सांगितले पाहिजे. कारागिराने सुटा भाग बदलला तर आपण मुकाट्याने पैसे मोजतो. त्याने नुसत्या ज्ञानाने दोष काढला तर मात्र "काय केलेस? चार बटणेच तर दाबलीस!" म्हणून घासाघीस करतो. मग तो पुढच्या वेळी नको असलेला भाग बदलू लागला, तर त्यात आपलाही वाटा आहे. दुकानदारांनी तपासणीचे शुल्क पाटीवर लिहावे, गिऱ्हाइकाने ते आनंदाने द्यावे आणि बिलावर दोषाचे खरे कारण नमूद व्हावे. यात दोघांचेही हित आहे.

ज्याने आमचा लॅपटॉप थंड केला, त्या कारागिराने घेतलेली रक्कम फार नव्हती. पण त्यानंतर आमच्या ओळखीची तीन गिऱ्हाइके आम्ही त्याच्याकडे पाठविली. पहिल्या दुकानात मात्र कोणाला पाठविण्याची हिंमत आम्हाला होत नाही. व्यापारात नफा-तोट्याचा खरा हिशेब असा मागाहून लागतो.