जाई, जुई आणि आमचा पोपट

आमच्या बाल्कनीचं माप आठ बाय चार. बिल्डरच्या ब्रोशरमध्ये तिला चक्क ‘गार्डन व्ह्यू टेरेस’ म्हटलं होतं. प्रत्यक्षात समोरच्या विंगमधल्या कुणा काकांचे वाळत घातलेले बनियन दिसतात. तर म्हटलं, व्ह्यू नाही ना, मग गार्डनच करून टाकू. हाय काय अन् नाय काय!

यादी केली. एक्सेलमध्ये केली (सवय हो, दुसरं काय!). जाई, अनंत, कढीपत्ता, गवती चहा आणि तुळस. झाडं पाच, बजेट दोन हजार, डेडलाइन एक वीकएंड. ही गोष्ट मार्चमधली. आता नोव्हेंबर संपत आला. ऑफिसात एखाद्या प्रोजेक्टची अशी वाट लागली असती, तर मला केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं असतं.

यादीत जाई पहिली होती, त्याला कारण आजी. वाईच्या घरी मागच्या दारी जाईचा वेल आहे. म्हणजे होता. पार पत्र्यावर चढलेला. पावसाळ्यात संध्याकाळी आजी परडीभर कळ्या काढायची. अर्ध्या देवाला, अर्ध्या आमच्या वेण्यांना. गेल्या वर्षी ती घरातच पडली आणि काकांनी तिला साताऱ्याला नेलं. घर बंद झालं. मग यथावकाश बिल्डर आला, सह्या झाल्या आणि दसऱ्यानंतर ताबा द्यायचं ठरलं. आजी त्यावर काही बोलली नाही. फक्त माझ्या नव्या फ्लॅटचं कळल्यावर फोनवर म्हणाली, ‘‘गॅलरी आहे ना? मग एक जाई लाव.’’

मी म्हटलं, ‘‘लावते की!’’ इतकं सोपं वाटलं होतं मला.

तर शनिवारी सकाळी नवऱ्याला उठवून (हा एक वेगळाच प्रोजेक्ट) हडपसरच्या पुढे गेलो. सोलापूर रोडला ओळीने नर्सऱ्या आहेत, पुणेकरांना माहीतच असेल. त्यातल्या एकीत शिरलो. तिथे सगळं होतं. स्नेक प्लांट, जेड, मनी प्लांट, आणि मुळात बांबूच नसलेला तो लकी बांबू. नव्हतं ते फक्त माझ्या यादीतलं.

‘‘गवती चहा?’’ तिथला माणूस हसायलाच लागला. ‘‘तो कोण विकत घेतं ताई? तो असाच मिळतो की!’’

असाच म्हणजे कुठे? पाचव्या मजल्यावर? लिफ्टमध्ये?

कढीपत्त्याचं एक काडीएवढं रोप मिळालं. अनंत मात्र कळ्यांनी नुसता लगडलेला. मी जागीच फिदा! जाई विचारली तर दुसरा पोऱ्या म्हणाला, ‘‘जूही? है ना मॅडम,’’ आणि आतून एक वेल घेऊन आला. मी नाव नीट ऐकलंसुद्धा नाही. घाई होती. दुपारी मूव्हीची तिकिटं काढलेली होती ना!

रविवारी सगळं नव्या कुंड्यांमध्ये लावून, कठड्याजवळ मांडून, फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला. अंगठ्यांचा पाऊस पडला. पुढच्या रविवारपर्यंत अनंताच्या सगळ्या कळ्या गळून पडल्या होत्या. अगदी सगळ्या! कढीपत्त्याने मान टाकली. वेलाची पानं कडेने करपली. मी पाणी घातलं, आणखी घातलं, आणि मग चौथ्या मजल्यावरच्या काकूंचा फोन आला. त्यांच्या गॅलरीत वाळत घातलेल्या साबुदाण्याच्या पापड्यांवर आमच्या कुंडीतलं चिखलपाणी टपकत होतं. सोसायटीच्या ग्रुपवर नोटीस लागली. फ्लॅट नंबरासकट.

चरफडत चौथ्या मजल्यावर सॉरी म्हणायला गेले. काकूंनी आत बोलावलं, आणि त्यांची गॅलरी बघून मी गपगारच झाले. जुन्या बादल्या, रंगाचे डबे, फुटका माठ, आणि सगळीकडे हिरवंगार. आमच्याइतकीच जागा, तेच पश्चिमेचं ऊन. माझं रडगाणं ऐकून त्यांनी एकच प्रश्न विचारला, ‘‘नर्सरीत ती झाडं कुठे ठेवली होती?’’

हिरव्या जाळीखाली, अर्थातच. म्हणजे अर्ध्या सावलीत. रोज पाणी, आजूबाजूला दाटीवाटीने झाडं, हवेत ओलावा. तिथून उचलून मी त्यांना थेट मार्चच्या उन्हात, पाचव्या मजल्यावरच्या वाऱ्यात उभं केलं, आणि वर त्याच दिवशी मुळं हलवून कुंडी बदलली. काकू म्हणाल्या, ‘‘तुला पहिल्याच दिवशी नवीन ऑफिस, नवीन घर आणि नाइट शिफ्ट दिली तर काय होईल?’’ काय होईल? माझ्याही कळ्या गळतील!

शिवाय शोभेची कितीतरी झाडं आपल्याकडची नसतातच. आंध्रात गोदावरीकाठी कडियम म्हणून गाव आहे, नर्सऱ्यांसाठी देशभर प्रसिद्ध. तिथून ट्रक भरभरून झाडं शहरोशहरी जातात. तिथली हवा दमट, माती चिकट. ती पुण्याच्या उन्हाळ्यात वाळली की मुळांभोवती विटेसारखी घट्ट होते. वरून घातलेलं पाणी तिच्या कडेकडेने खाली निघून जातं आणि मुळं कोरडीच राहतात. म्हणजे मी ओतलेलं पाणी झाडाला नाही, काकूंच्या पापड्यांना मिळत होतं.

निघताना काकूंनी पिशवीत काहीतरी दिलं. मातीने भरलेला एक ठोंब होता. गवती चहा. असाच मिळाला!

पण जाईचं काय? वेल करपून खराट्यासारखा झालेला, आणि आजीचा दर रविवारी फोन. ‘‘काय गं, जाई लावलीस का?’’ पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी म्हटलं, लावली. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हटलं, ‘‘मस्त फुटलीये गं आजी.’’ खोटं बोलायला काही विशेष कष्ट पडत नाहीत, नाही? आपण क्लायंटला रोजच सांगतो, ‘ऑलमोस्ट डन’.

दरम्यान एक वेल ऑनलाइनही मागवला. फोटोत फुलांचा मांडव, हातात आली बोटभर काडी. पार्सल बुधवारी वॉचमनकडे आलं होतं. माझा रिलीज होता, मी ते शनिवारी उघडलं. आत जे होतं त्याला झाड म्हणायचं की निर्माल्य, यावर आमच्यात मतभेद आहेत.

आणि मग काकांचा फोन आला. आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुण्यात करायचं ठरलंय. जूनमध्ये ती आमच्याकडे येणार. महिनाभर!

माझी झोपच उडाली. नशिबाने करपलेला वेल पहिल्या पावसात खरंच फुटला. हिरवी पालवी आली, चार कळ्यासुद्धा आल्या. मी सुटकेचा श्वास सोडला. आजी आली, चहा झाला आणि म्हणाली, ‘‘चल, गॅलरी दाखव.’’ तिला तेव्हा धूसरच दिसायचं. तिने हात पुढे केला, वेलाचं एक पान चिमटीत धरलं आणि अंगठा त्यावरून हळूच फिरवला.

‘‘ही जुई आहे गं,’’ ती म्हणाली. ‘‘जाईचं पान कसं, पिसासारखं. एका देठाला समोरासमोर बारीक पानं, टोकाला एक. बहुतेक सात भरतात. हिचं बघ, एकच मोठं पान आणि बुडाशी दोन इवलेसे कान.’’

झाला की नाही पोपट?

नंतर शोधलं तेव्हा उलगडा झाला. हिंदीत जूही म्हणजे आपली जुई, आणि आपल्या जाईला हिंदीत चमेली म्हणतात. मी जाई मागितली, त्या पोऱ्याने ऐकली जुई, आणि दिलीही अगदी प्रामाणिकपणे. वनस्पतिशास्त्रात जाई म्हणजे जास्मिनम ग्रँडिफ्लोरम आणि जुई म्हणजे जास्मिनम ऑरिक्युलेटम. ऑरिक्युलेटम म्हणजे छोटे कान असलेली. आजीने न दिसणाऱ्या डोळ्यांनी जे सांगितलं, तेच लॅटिनमध्ये लिहून ठेवलंय.

पण ते नंतर. त्या क्षणी मी नुसतीच उभी. आजी म्हणाली, ‘‘जुईपण छानच असते. पण लावली नाही म्हणाली असतीस, तर मी काय रागावणार होते?’’ मग जरा थांबून म्हणाली, ‘‘तिथली आता जाणार ना, म्हणून विचारत होते.’’

इतके महिने मी बाजारात जाईचा वेल शोधत होते. आजीला कुठलाही वेल नकोच होता. तिला ती जाई हवी होती.

ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटल्यावर जुलैच्या शेवटी आम्ही तिला घेऊन वाईला गेलो. पुण्याहून जेमतेम नव्वद किलोमीटर, पण मी तिथे दोन वर्षांत फिरकले नव्हते. घराला कुलूप, अंगणात गुडघाभर गवत, आणि पत्र्यावर जाई मात्र फुलांनी पांढरी झालेली. आजी पायरीवर बसली आणि तिने मला कामाला लावलं. दाबकलम करायचं होतं.

करायला सोपं आहे. खालच्या बाजूची लवचीक फांदी निवडायची. मधल्या एका डोळ्याखाली साल थोडी खरवडायची. फांदी वेलापासून तोडायची नाही, तशीच वाकवून तो भाग शेजारच्या कुंडीतल्या मातीत पुरायचा आणि वर वीट ठेवायची, म्हणजे ती उसळत नाही. शेंडा बाहेर. आईशी जोडलेली असल्यामुळे मुळं फुटेपर्यंत फांदीचं पोट आईकडूनच भरतं. साधारण दोन महिने लागतात. तेवढा वेळ काही करायचं नाही. फक्त माती ओली ठेवायची. ते शेजारच्या वहिनींनी केलं.

‘काही करायचं नाही’ हेच मला सगळ्यात जड गेलं. मी दर आठवड्याला वहिनींना मेसेज करायचे, ‘काही अपडेट?’ त्या बिचाऱ्या विटेचा फोटो पाठवायच्या.

कुंड्या दोन केल्या होत्या. सप्टेंबर संपता संपता गेलो, तेव्हा एक फांदी कुजून गेलेली. दुसरी मात्र ओढून पाहिली तर हलेना. धरली होती! आईपासून कापली आणि मांडीवर कुंडी घेऊन पुण्यापर्यंत आले. दसऱ्यानंतर आठवड्याभरात तिथे जेसीबी आला. तो फोटो मी आजीला दाखवलेला नाही.

तर मंडळी, माझ्या आठ महिन्यांच्या वैतागातून तुम्हाला फुकट सल्ला. झाडांची खरेदी मार्चमध्ये नाही, पाऊस स्थिरावल्यावर करा. कळ्यांनी लगडलेलं झाड बघून भुलू नका, पानांनी भरलेलं आणि थोडं लहानच घ्या. नावावर जाऊ नका, पान बघा. घरी आणल्यावर आठ-दहा दिवस सावलीत तसंच राहू द्या, मग हळूहळू ऊन दाखवा आणि त्यानंतरच कुंडी बदला. कुंडीखाली ताटली ठेवा, खालच्या मजल्यावरही माणसं राहतात. आणि नर्सरीत जाण्याआधी आजूबाजूला विचारा. माझा दुसरा कढीपत्ता ऑफिसात चहा करणाऱ्या मावशींनी आणून दिला. त्यांच्या दारातल्या झाडाखाली अशी रोपं आपोआप उगवतात म्हणे. तोही असाच मिळाला.

आमच्या बाल्कनीत आज जुई आहे, गवती चहा आहे, कढीपत्ता आहे, तुळस आहे. अनंताची कुंडी रिकामी आहे. जाई म्हणजे अजून वीतभर काडी आहे, फूल बहुधा पुढच्या पावसाळ्यातच. परवा आजीचा फोन आला.

‘‘काय गं, जाई कशी आहे?’’

‘‘नवीन पान आलंय.’’

‘‘खरं?’’

‘‘मोजून सांगू?’’

‘‘सांग.’’

फोन कानाला लावून मी बाल्कनीत गेले, उकिडवी बसले आणि मोजले.

‘‘सात.’’