गल्ला केव्हा भरतो?

दिवाळी आणि बंदूक यांचे नाते आपल्या घरोघर जुने आहे. टिकल्यांचे पिस्तूल हाती आले, की एरवी झुरळाला भिणारा मुलगाही किल्ल्यावरच्या मावळ्यांच्या मदतीला धावून जातो. या लढायांचा एक मोठा गुण असे. टिकल्यांच्या डब्यांचे पैसे वडील एकदाच देत. डब्या संपल्या की तह! युद्धाचा खर्च युद्धाआधीच ठरलेला असे, आणि तो पुढे वाढत नसे.

या साध्या गोष्टीचे मोल मला यंदाच्या श्रावणात घोडेगावी जाऊन आल्यावर कळले. अहिल्यानगरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाताना नेवासे तालुक्यात हे गाव लागते. शनिशिंगणापूरला जाणारे पुष्कळ लोक येथे वळतात आणि गाव न पाहताच पुढे जातात. परंतु जनावरांच्या व्यापाऱ्याला विचाराल, तर तो घोडेगाव म्हटल्याबरोबर म्हशींचा शुक्रवारचा बाजार सांगेल. माझी आक्का या गावी दिलेली. दाजींचा सारा जन्म त्या बाजारात गेला. म्हशीच्या शिंगावरून आणि चालीवरून ते तिचे वय, दूध आणि स्वभाव सांगतात. विकणाऱ्याचा स्वभाव तर तो बोलण्याआधीच ओळखतात.

मी पोचलो तेव्हा घरात वादळ होऊन गेले होते. बारा वर्षांच्या भाच्याने आक्काच्या फोनवर विमाने पाडण्याचा कुठलासा खेळ खेळता खेळता अठराशे रुपये उडवले होते. गौरी-गणपतीसाठी तिने ते बाजूला ठेवले होते. आक्का मला म्हणाली, "तूच सांग रे याला काहीतरी. शहरातला मामा म्हणून तरी ऐकेल." भाचा कोपऱ्यात भिंतीला नखाने रेघा ओढीत बसला होता.

उपदेश करण्यात मी कच्चा आहे. पण माझ्या पिशवीत निन्टेन्डो डीएस नावाचे हातात मावणारे एक जुने खेळयंत्र होते. प्रवासात मी त्यावर 'स्पेस इनव्हेडर्स एक्स्ट्रीम' खेळतो. (हे माझ्या वयाला शोभत नाही, असे आमच्या सौ.चे मत आहे.) मी ते भाच्याच्या हाती दिले. आक्काने कपाळाला हात लावला. दाजी मात्र चष्मा सारखा करून जवळ सरकले.

या खेळाची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे. जपानमधल्या टायटो कंपनीत तोमोहिरो निशिकादो नावाचे अभियंते होते. त्यांनी 1978 साली मूळ 'स्पेस इनव्हेडर्स' जवळजवळ एकट्याने घडवला. त्यासाठी लागणारी यंत्रसामग्रीही स्वतःच जुळवली. माणसांवर गोळ्या झाडायच्या नाहीत असे ठरल्यामुळे शत्रू म्हणून परग्रहावरचे अष्टपाद, खेकडे आणि माखले आले. अकरा-अकरांच्या पाच ओळी, म्हणजे पंचावन्न शत्रू, डावी-उजवीकडे सरकत खाली उतरतात. खाली चार आडोसे आणि आपली एकुलती एक तोफ.

यातली गंमत पुढेच आहे. त्या काळच्या यंत्राला पंचावन्न आकृत्या हलवताना धाप लागे. शत्रू मरत जातील तसा त्याचा भार हलका होई आणि उरलेले अधिक वेगाने धावू लागत. शेवटचा एकटा शत्रू तर पिसाळल्यासारखा पळे. निशिकादोंनी ही उणीव झाकली नाही. तीच खेळाचा प्राण म्हणून ठेवली. एक फौज मेली की दुसरी उभी. या खेळात जिंकणे नाहीच; किती वेळ तग धरली एवढेच मोजायचे.

दाजी सगळे ऐकून म्हणाले, "ते ठीक आहे, भाऊ. पण त्या खेळवाल्याचा गल्ला केव्हा भरतो?"

मी खेळाकडे इतकी वर्षे पाहत आलो, पण हा प्रश्न विचारायला म्हशींचा व्यापारीच हवा होता. त्याचे उत्तर देता देता मलाच खेळ नव्याने दिसू लागला. 1978 सालचे यंत्र दुकानात उभे असे. त्यात शंभर येनचे नाणे टाकावे, की तीन तोफा मिळत. तिन्ही गेल्या की खेळ संपला. पुन्हा हवा तर दुसरे नाणे. म्हणजे मालकाचा गल्ला भरायचा तो आपण हरल्यावर! जो खेळ तुम्हाला जिंकू देतच नाही, त्याला शेवट कशाला हवा?

2008 साली खेळाला तीस वर्षे झाली, तेव्हा टायटोने त्याचा हा हातातला नवा अवतार काढला. शत्रू तेच, पण रंगीबेरंगी. एकाच रंगाचे ओळीने टिपले तर मोठे शस्त्र मिळते आणि आपल्या गोळ्यांचे आवाज संगीताच्या तालात मिसळतात. शिवाय पाच टप्पे पार केले की खेळ संपतो, चक्क आपण जिंकतो! हा उदारपणा कुठून आला? खेळाचे पैसे दुकानात एकदाच देऊन झालेले असतात. मग मूल हरले काय, जिंकले काय, विकणाऱ्याला त्याच्या हरण्यात मिळकत नाही.

"आणि फोनवरचा?" दाजींनी विचारले.

त्याचे उत्तर कोपऱ्यातून आले. भाचा मान खाली घालून म्हणाला, "तो फुकट असतो. पण जीव संपले की जाहिरात बघायची, नाहीतर पैसे भरायचे."

"म्हणजे नाण्याची पेटी परत आली," दाजी म्हणाले. "आता दुकानात जायलाही नको, घरातच आहे. बाजारात कोणी म्हैस फुकट देतो म्हणाला, तर मी आधी माझा खिसा चाचपतो."

इथून पाच-सहा किलोमीटरवर शिंगणापुरात घरांना दारे न लावण्याची परंपरा आहे. तिचे आपल्याला केवढे कौतुक! पण हा नवा पाहुणा आत येताना दाराकडे पाहतच नाही.

दाजींनी मुलाला मारले नाही आणि फोनही फोडला नाही. त्यांनी त्याला पाटी आणून दिली आणि कितव्या वेळी हरल्यावर किती पैसे भरले ते लिहायला सांगितले. आकडे वाढत गेले तसा पोराचा चेहरा बदलत गेला. पहिल्या खेपेला वीस रुपये होते, शेवटच्या खेपेला तीनशे. मग शिक्षा ठरली: पुढचे दहा शुक्रवार शाळा सुटल्यावर बाजारात म्हशींना पाणी दाखवायचे, मजुरीतून आईचे पैसे फेडायचे. पोराने मान डोलावली. संध्याकाळी तो माझ्या यंत्रावर सात वेळा हरला, आणि आठव्यांदा पहिला टप्पा ओलांडल्यावर त्याने सवयीने विचारले, "मामा, आता किती भरायचे?"

"काही नाही," मी म्हटले. तेव्हा कुठे तो हसला. यंत्र मी तिथेच ठेवून आलो.

वाचकहो, यंदा मुलांसाठी खेळ घ्यायला निघाल तेव्हा त्याची किंमत विचाराच. पण दाजींचा प्रश्नही विचारा. विकणाऱ्याचा गल्ला केव्हा भरतो, खेळ विकत घेताना की मूल हरताना? पहिले असेल तर खुशाल घ्या. दुसरे असेल, तर तो कितीही फुकट मिळो, परवडणार नाही.