शाळेचा पैसा ठरतो कोठे?

जव्हार-मोखाड्याकडे शाळेचे छप्पर गळू लागले की आपण म्हणतो, "सरकारकडे पैसाच नाही." पण तो आपण मागितला होता काय? आणि वेळेवर मागितला होता काय?

सरकारी पैशाची वाटणी कशी होते, याचा बाबासाहेबांनी तरुणपणीच अभ्यास केला. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतांच्या अर्थकारणावरचा त्यांचा ग्रंथ १९२५ साली निघाला. १९२७ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात जाताच ते शिक्षणाच्या अनुदानावर बोलले. अंदाजपत्रक वाचणे ही आपली जुनी शिकवण आहे.

अनुदानित कॉलेजातील पगाराचा पैसा राज्य सरकारकडून येतो. त्यावर नगरपरिषदेचा किंवा ग्रामपंचायतीचा शब्द चालत नाही. गावच्या शाळेचे मात्र तसे नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक असावे लागतात. निम्म्या जागा स्त्रियांच्या असतात. वंचित घटकांतील पालकांनाही त्यांच्या प्रमाणात जागा आहेत. ही समिती शाळेचा विकास आराखडा करते आणि अनुदानाची मागणी त्याच्याच आधारे पुढे जाते. जिल्हा परिषदेची शाळा असेल तर ती पालघरला पोचते. जी गरज आराखड्यात लिहिली नाही, तिच्यासाठी पुढे भांडायचे कशाच्या जोरावर?

दुसरी तिजोरी ग्रामपंचायतीची. तिच्या स्वतःच्या उत्पन्नातील १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांसाठी आणि १० टक्के महिला व बालकल्याणासाठी खर्च करावयाची असते. पंचायत अंदाजपत्रक तयार करून पंचायत समितीकडे पाठविते. शिवाय आपला भाग अनुसूचित क्षेत्रात असल्याने २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतील ५ टक्के निधी थेट ग्रामपंचायतींकडे येतो. तो कशावर लावावयाचा, हे ग्रामसभा ठरविते. शिक्षण आणि आरोग्य ही कामे त्यात बसतात.

अडचण वेगळीच आहे. दिवाळी झाली की कित्येक घरे वीटभट्टीवर निघतात. नवे आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते, म्हणून अंदाजपत्रकाची चर्चा हिवाळ्यात होते. नेमकी तेव्हा मजुरांची घरे कुलूपबंद असतात. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत त्यांचा आवाज कोठून येणार? म्हणून १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभा चुकवू नका. गावी राहणाऱ्या लेकरांसाठी हंगामी वसतिगृह हवे असेल तर त्याची मागणी तेव्हाच लेखी द्या आणि पोच घ्या.

भगिनींनो, मुख्य ग्रामसभेआधी महिलांची ग्रामसभा होते. तेथे अंदाजपत्रक मोठ्याने वाचून दाखवावयास सांगा. १५ टक्क्यांचे किती झाले, गेल्या वर्षी कोठे गेले, हे विचारा. मिठा-मिरचीचा हिशेब महिनाभर जमविणाऱ्या बाईला हे आकडे जड जाणार नाहीत. उत्तर टाळले गेले तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा.

ठराव झाला की तो इतिवृत्तात लिहिला गेला काय, हे पाहूनच घरी या. जय भीम.