पाऊस मोजून सांगा

मृगाची पहिली सर पडली की कृषी विभागाचे आवाहन ठरलेले: 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणीची घाई करू नका. सल्ला चोख आहे. सोयाबीनच्या दाण्याचे आवरण पातळ. अर्ध्यामुर्ध्या ओलीत दाणा फुगतो, मोड फुटतो आणि वर आठ दिवस उघाड पडली की मातीतच करपतो. मग दुबार पेरणी. एकरी 30 किलो बियाणे पुन्हा, खत पुन्हा, ट्रॅक्टरचे भाडे पुन्हा. आणि पैसा मात्र पहिल्याच पेरणीत संपलेला. 2025 मध्ये मोसमी पाऊस 24 मे रोजी केरळात आणि 26 मे रोजी मुंबईत पोहोचला, पण पुढची वाटचाल जूनच्या मध्यापर्यंत अडखळली. अशा वर्षी घाई किती महागात पडते, हे वाशीम जिल्ह्यातल्या सोयाबीनवाल्याला कुणी सांगायला नको.

तरीही तो पेरतो. याला उतावीळपणा म्हणणे अन्यायाचे आहे. रिसोड, मालेगाव, मानोरा, कुठेही जा. वाफसा झाला की सगळ्या गावाला ट्रॅक्टर एकाच दिवशी हवा असतो. नंबर हुकला आणि झड लागली तर रानात पाय घालता येत नाही. सोयाबीन वेळेवर निघाले तरच हरभऱ्याला ओल सापडते. पेरणी लांबली की उतारा घटतो, हेही कृषी विद्यापीठेच सांगतात. शेजारचे रान पेरून झालेले दिसते आणि पावशा पहाटेपासून ‘पेरते व्हा’ म्हणून ओरडत असतो. एवढ्या सगळ्यापुढे थांबायचे, तर हातात भरवशाचा आकडा हवा.

तोच आकडा त्याच्याकडे नसतो. महावेध प्रकल्पातली स्वयंचलित हवामान केंद्रे महसूल मंडळागणिक एक अशी आहेत आणि एका मंडळात अनेक गावे येतात. जूनचा पाऊस नाल्याच्या अलीकडे झोडपतो, पलीकडे धूळही बसत नाही. मंडळात 80 मिलिमीटरची नोंद झाली म्हणून आपल्या शिवारात तेवढा झाला, असे कुणी समजावे? मिलिमीटरची अट घालायची असेल, तर मोजमापही गावातच मिळाले पाहिजे. प्रत्येक ग्रामपंचायतीत साधे पर्जन्यमापक बसवा, रोज सकाळी साडेआठला मोजा, हंगामाची बेरीज फळ्यावर लिहा. याला मोठा निधी लागत नाही. बूड आणि तोंड सारख्या रुंदीचे असलेले सरळ कडांचे भांडे उघड्यावर ठेवून रोज मोजले, तरी तीन इंचांची बेरीज म्हणजे साधारण 75 मिलिमीटर, एवढे घरच्या घरी कळते. त्यानंतर वीतभर उकरून ओलीला ओल भेटली का, हे पाहायला शेतकऱ्याला कुणी शिकवावे लागत नाही.

दुसरी गोष्ट विम्याची. 2025 च्या खरिपापासून राज्यात पीक विम्याची भरपाई पीक कापणी प्रयोगांवर ठरते. म्हणजे जून-जुलैत बियाणे जळाले, शेतकऱ्याने पदरमोड करून पुन्हा पेरले आणि काढणीला मंडळाची सरासरी बरी निघाली, तर दुबार पेरणीचा खर्च कुठल्याच हिशोबात येत नाही. उगवण न झालेल्या रानाचा पंचनामा पंधरा दिवसांत व्हावा आणि निदान बियाण्याची किंमत हाती पडावी. पेरणी साधण्याचे दिवस जुलैच्या मध्यापर्यंतच असतात. मदत त्यानंतर आली तर ती त्या हंगामाच्या कामाची नाही.