तपासणारा कोणाच्या हाताखाली?

रेल्वेला मोठा अपघात झाला की चौकशीला येतात रेल्वे सुरक्षा आयुक्त. दक्षिण विभागाच्या आयुक्तांचे कार्यालय इथे बंगळूरलाच आहे. ते रेल्वे बोर्डाच्या हाताखाली नाहीत. १९४१ साली ही तपासणी रेल्वेकडून काढून टपाल व हवाई खात्याकडे दिली गेली. आज ती नागरी विमान वाहतूक मंत्रालयाकडे आहे. गाडी चालवणाऱ्यानेच स्वतःची चौकशी करू नये, एवढाच त्याचा अर्थ.

अणुवीज केंद्रांबाबत हा साधा नियम पाळला गेला नाही. १९८३ साली अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले, पण ते अणुऊर्जा आयोगाला जबाबदार. आयोगाचे अध्यक्ष अणुऊर्जा खात्याचेच सचिव, आणि वीज केंद्रेही त्याच खात्याची! २०१२ साली महालेखापालांनी यावर बोट ठेवले. तारापूर १९६९ पासून चालू असूनही, जुने केंद्र मोडीत काढण्याचा आराखडा देशात एकाही केंद्राकडे नव्हता, हेही त्यांनी दाखवून दिले.

किंमत मोजतो कोण? २००९ च्या नोव्हेंबरात कारवारजवळच्या कैगा केंद्रात पिण्याच्या पाण्यातून पन्नासहून अधिक कर्मचाऱ्यांच्या पोटात किरणोत्सारी ट्रिटियम गेले. २०१० साली दिल्लीच्या मायापुरीत भंगारात आलेल्या जुन्या यंत्रातील कोबाल्टने एका कामगाराचा बळी घेतला.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने नवा कायदा मंजूर करून मंडळाला वैधानिक दर्जा दिला. त्याच कायद्याने खासगी कंपन्यांनाही दार उघडले. म्हणून आमची मागणी आहे: मंडळ अणुऊर्जा खात्यापासून पूर्ण वेगळे करा, प्रत्येक केंद्राच्या मोडणीचा आराखडा व निधी जाहीर करा, कंत्राटी कामगाराला त्याच्या किरणोत्साराची लेखी नोंद द्या. तपासणारा मोकळा असेल, तरच राबणारा सुरक्षित राहील.