तिसऱ्यासाठी दार

'दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ' ही म्हण आपल्या तोंडी इतकी रुळली आहे की, तिची दुसरी बाजू आपण सहसा पाहत नाही. दोघे भांडलेच नाहीत तर? बाजारात दोनच बलाढ्य व्यापारी असावेत, दोघांनी एकमेकांच्या दरांवर डोळा ठेवून आपापले दर ठरवावेत आणि ग्राहकाला एकाच्या दुकानातून उठून दुसऱ्याच्या पायरीवर जाऊन बसण्याएवढेच स्वातंत्र्य उरावे, ही अवस्था एकाधिकाराहून फारशी निराळी नव्हे. २०२४ च्या जूनअखेर देशातील तिन्ही खाजगी दूरध्वनी कंपन्यांनी लागोपाठ दोन दिवसांत दरवाढ जाहीर केली आणि जुलैच्या आरंभी ती अमलात आणली. त्यात संगनमत होते असा आमचा आरोप नाही. दोघा बलाढ्यांच्या बाजारात संगनमताची गरजच पडत नाही, हेच तर खरे दुखणे आहे. नावाला कंपन्या चार. परंतु देशातील बहुसंख्य ग्राहक आज जिओ आणि एअरटेल या दोघींच्याच पदरी आहेत.

अशा बाजारात तिसरा कसा शिरतो, आणि शिरल्यावर तगतो कसा, याचा एक बोधप्रद धडा न्यूझीलंड या चिमुकल्या देशाने घालून दिला आहे. तेथील सरकारी दूरध्वनी खाते १९९० साली सव्वाचार अब्ज डॉलरांना अमेरिकन कंपन्यांच्या हाती गेले आणि 'टेलिकॉम' ही खाजगी कंपनी झाली. १९९३ मध्ये बेलसाऊथ ही दुसरी कंपनी भ्रमणध्वनीच्या क्षेत्रात उतरली. १९९८ मध्ये ती व्होडाफोनने विकत घेतली. त्यानंतर सुमारे अकरा वर्षे तो सारा देश या दोघांत वाटला गेला होता. ४ ऑगस्ट २००९ रोजी 'टूडिग्रीज' नावाची तिसरी कंपनी उभी राहिली. या देशात कोणाही दोन माणसांमध्ये फार तर एका ओळखीचे अंतर असते, असा त्या नावाचा भावार्थ. गोमंतकीयाला त्याचे स्पष्टीकरण नको! पहिल्याच दिवशी तिने मिनिटाला ४४ सेंट आणि संदेशाला ९ सेंट असे, प्रचलित दरांच्या निम्म्याच्या आसपास येणारे दर लावले. आणि तेही समोरच्याचा फोन कोणत्याही कंपनीचा असो. काही वर्षांतच जेमतेम त्रेचाळीस-चव्वेचाळीस लाख वस्तीच्या त्या देशात तिने दहा लाख ग्राहकांचा टप्पा ओलांडला.

ही केवळ एका धाडसी व्यापाऱ्याची यशोगाथा असती तर तिच्यासाठी अग्रलेखाची जागा आम्ही खर्ची घातली नसती. हा तिसरा आपल्या बळावर आत आला नाही. त्याच्यासाठी दारे उघडावी लागली, आणि ती उघडण्याचे काम कायद्याने, न्यायासनाने व नियामकाने मिळून केले.

पहिले दार लहरींचे. बिनतारी लहरींचे पट्टे खरेदी-विक्रीयोग्य मालमत्ता ठरवणारा कायदा न्यूझीलंडने १९८९ सालीच केला. त्यावर तेथील मूळ रहिवासी माओरी समाजाने विचारले, आकाशातील ही संपत्ती सरकारने विकायला काढली ती कोणाच्या अनुमतीने? १८४० च्या वायतांगी कराराने आमच्या ठेव्यांचे रक्षण करण्याचे वचन दिले होते, त्याचे काय? वायतांगी न्यायाधिकरणाने १९९९ मध्ये त्यांचे म्हणणे उचलून धरले. सरकारने मालकीचा दावा मान्य केला नाही. परंतु नव्या पिढीच्या भ्रमणध्वनीसाठीच्या लहरींचा एक पट्टा माओरी विश्वस्त मंडळासाठी राखून ठेवला आणि ५० लाख डॉलरांचे भांडवलही दिले. याच राखीव पट्ट्याच्या पायावर तिसरी कंपनी उभी राहिली. गावची जमीन गावाची, असे मानणाऱ्या गांवकारीच्या परंपरेत वाढलेल्या आम्हा गोमंतकीयांना माओरींचा तो प्रश्न परका वाटू नये.

दुसरे दार जोडणीचे, आणि हे अधिक जड. दूरध्वनीचा धंदा कापडाच्या धंद्यासारखा नाही. नव्या कंपनीच्या ग्राहकाला जुन्या कंपनीच्या ग्राहकाशी बोलता आले नाही, तर त्याच्या हातातील यंत्राची किंमत शून्य. म्हणजे ज्याचा धंदा घ्यायचा त्याच्याच अंगणातून रोज वाट मागायची! ही वाट देताना जुन्या कंपन्या जे शुल्क घेत, ते प्रत्यक्ष खर्चाच्या कित्येक पट होते. उलट स्वतःच्याच जाळ्यातील बोलणे त्या स्वस्त ठेवीत. त्यामुळे आप्तेष्ट ज्या कंपनीत, त्याच कंपनीत राहणे ग्राहकाला भाग पडे. यावर तेथील वाणिज्य आयोगाची चौकशी झाली, जनतेत मोहीम झाली. अखेर २०११ मध्ये आयोगाने आदेश काढला. संदेश पोहोचवण्याचे शुल्क ९.५ सेंटांवरून ०.०६ सेंटांवर आले आणि संभाषणाचे शुल्क टप्प्याटप्प्याने मिनिटाला ४ सेंटांच्या आत आणले गेले.

तिसरे दार ग्राहकाच्या पायांतील बेडी काढण्याचे. कंपनी बदलली तरी क्रमांक तोच ठेवण्याची सोय तेथे २००७ पासून होती. शिवाय टूडिग्रीजचे स्वतःचे मनोरे आरंभी मोजक्या शहरांपुरतेच असल्याने, उरलेल्या देशात व्होडाफोनच्या जाळ्यावरून सेवा देण्याची व्यवस्था तिने करून घेतली होती.

तिसरा आला म्हणजे रामराज्य आले, असे मात्र कोणी समजू नये. कंपनीत परदेशी भांडवल ओतले गेले तसतसा माओरींचा वाटा आक्रसत गेला. २०२२ मध्ये टूडिग्रीजही दुसऱ्या एका दूरसंचार कंपनीशी एकरूप होऊन मोठी झाली. व्यापारी अखेर व्यापारीच. धाकटा आहे तोवर तो ग्राहकाचा मित्र, थोरला झाला की त्यालाही पैस लागते. म्हणून आमचा आग्रह कोणा एका तिसऱ्यासाठी नाही. तो दारासाठी आहे.

आपल्याकडचा इतिहासही हेच सांगतो. १९९४ च्या दूरसंचार धोरणाने प्रत्येक परिमंडळात दोनच भ्रमणध्वनी कंपन्यांना परवाने देण्याचे ठरले. महाराष्ट्र व गोवा मिळून जे परिमंडळ झाले, त्यात बीपीएल आणि बिर्ला एटीअँडटी या दोन कंपन्या आल्या. आलेला फोन उचलण्याचेही पैसे पडत, ते दिवस अनेक वाचकांना आठवत असतील. १९९९ च्या नव्या धोरणाने तिसऱ्याला वाट करून दिली आणि २००२ मध्ये भारत संचार निगमची भ्रमणध्वनी सेवा सुरू झाली. २००३ मध्ये येणारे फोन निःशुल्क झाले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आली तेव्हा जोडणीचा तोच तंटा पुन्हा उभा राहिला. जुन्या तीन कंपन्या पुरेशी जोडणी देत नाहीत म्हणून नियामक प्राधिकरणाने त्यांना ३,०५० कोटी रुपये दंड करण्याची शिफारस केली. पुढे जोडणीशुल्क २०१७ मध्ये मिनिटाला १४ पैशांवरून ६ पैशांवर आले व १ जानेवारी २०२१ पासून शून्य झाले. काल दार ठोठावणारा आज वाड्याचा धनी आहे. आणि त्या झुंजीत कित्येक कंपन्या नामशेष झाल्या.

आता तिसरा उरला आहे तो शासनाच्याच हाती. भारत संचार निगम पूर्णतः सरकारची. व्होडाफोन-आयडियातही २०२५ मध्ये सरकारचा हिस्सा ४८.९९ टक्क्यांवर पोहोचला. २०२४ च्या दरवाढीनंतर काही महिने लाखो ग्राहक निगमकडे वळले, ते देशप्रेमाने नव्हे, स्वस्ताईसाठी. आणि सेवा मनासारखी मिळेना तेव्हा पुष्कळजण परतले. निगमची स्वदेशी फोर-जी सेवा सुमारे ९७,५०० मनोऱ्यांसह राष्ट्राला अर्पण झाली ती २७ सप्टेंबर २०२५ रोजी. स्वतः तंत्र उभारण्याचा अभिमान आम्हालाही आहे. परंतु खाजगी कंपन्यांनी पुढच्या पिढीची सेवा २०२२ मध्येच सुरू केली होती, हे विसरून चालणार नाही.

एकाधिकाराची चव गोमंतकाने मिठातून चाखली आहे. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारान्वये आमच्या मिठागरांचे नियंत्रण ब्रिटिश हिंदुस्थान सरकारच्या हाती गेले आणि समुद्रकाठच्या माणसाला मिठासाठी परक्याच्या परवानगीकडे पाहावे लागले. आज संभाषण हे मिठाइतकेच गरजेचे झाले आहे. टाळेबंदीच्या काळात सत्तरी आणि सांग्याच्या डोंगरपट्ट्यातील मुले वर्गासाठी टेकड्या चढून लहरी शोधत होती. जेथे नफा नाही तेथे दोघांपैकी कोणीही धावून जात नाही. तेथे जाण्याचे कर्तव्य तिसऱ्याचे, म्हणजेच आज शासनाचे आहे.

म्हणून आमचे मागणे मोजके आहे. सरकारने निगमला अनुदानावर जगणारे खाते न ठेवता वेळेवर निर्णय घेणारी संस्था बनवावी. नियामकाने दोन दिवसांत तिघांचे दर वाढतात तेव्हा कारणे मागावीत आणि ती जनतेपुढे ठेवावीत. लहरींच्या वाटपात नव्या व लहान उमेदवारासाठी काही हिस्सा राखावा. आकाश कोणाच्या वडिलांनी मिळवून ठेवलेले नाही. ते दोघांच्या नावे करून देण्याचा अधिकार कोणत्याही सरकारला जनतेने दिलेला नाही.